नातेपुत्याची पिशवी

माझ्या साडूंइतका पत्त्यांत जगणारा माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात झाला नाही. टपालखात्यात ते सॉर्टर. पत्रं गावागावांच्या खणांत टाकायची आणि खण भरले की पिशव्या बांधायच्या, हे काम. घरी आल्यावरही हात थांबत नसत. एका लग्नात तर त्यांनी पंगतीच परतीच्या एसटीप्रमाणे बसवल्या. "टेंभुर्णीवाले हितं, अक्कलकोटवाले तितं!" नवरदेव बार्शीवाल्यांत सापडला आणि नवरी मोहोळवाल्यांत जेवली. मात्र कुणाचीही गाडी चुकली नाही, हे कबूल केलं पाहिजे.

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षी, भवानी पेठेत आमच्या सासूबाईंनी अंथरूण धरलं. धाकटी लेक नातेपुत्याला दिलेली आणि तिचे दिवस भरत आलेले. तिला येता येईना, यांना जाता येईना. दोघींमध्ये काय ते पोस्टकार्ड, तेही पुण्याला वळसा घालून पाच दिवसांनी यायचं. "जावईबापू, माझी पोर कशी हाय ते मला पाच दिसांनी कळणार व्हय?" सासूबाई म्हणाल्या. साडूंचा चेहरा असा पडला, जणू तो वळसा त्यांनीच घातला होता.

त्यांनी मार्ग काढला. सोलापूरची पिशवी एसटीनं टेंभुर्णीला उतरवायची आणि तिथं नातेपुत्याच्या गाडीत चढवायची. येताना तसंच उलट. अडचण एकच, सोलापूरची गाडी पोचायच्या दहा मिनिटं आधी नातेपुत्याची सुटायची. साडू सुट्टीच्या दिवशी टेंभुर्णीच्या स्टँडवर जाऊन बसले आणि त्या ड्रायव्हरला दुसऱ्या चहाची सवय लावून आले. पण टपालखात्यातले साहेब म्हणाले, "एवढ्याशा टपालाला वेगळी पिशवी मिळत नाही. मोजणीत पत्रं भरली तर बघू."

झालं! साडूंनी पेठेत घरोघर कार्डं वाटली. "तितं आमची वळखच न्हाय की," शेजारीण म्हणाली. "मग वळख करा की! मास्तरला लिवा, दुकानदाराला लिवा, पाऊसपाणी इचारा." मीसुद्धा तिथल्या एका अनोळखी वैद्यांना चार पत्रं लिहिली, त्या भल्या माणसानं मला उलट टपाली काढा कळवला. खण ओसंडला आणि साहेबांनी सही केली.

पिशवी सुरू झाली त्याच आठवड्यात आदल्याच दिवशी लिहिलेलं कार्ड हातात पडलं. "मुलगी झाली. नाक आजीचंच." सासूबाईंनी ते तीनदा वाचून घेतलं. पुढं महिनाभर रोज पत्र आलं. सासूबाई गेल्या त्या सकाळीही आलं. साडूंनी ते त्यांच्या उशाशी बसून, नेहमीसारखं, मोठ्यानं वाचलं. आम्ही कुणीही त्यांना थांबवलं नाही.

दिवसकार्य आटोपल्यावर नातेपुत्याचा खण रिकामा पडू लागला. साडू रोज एक कार्ड टाकू लागले, त्या तान्ह्या पोरीच्याच नावानं. आजी कशी हसायची, कुणावर चिडायची, असलं काहीबाही त्यात असायचं.

"अहो, तिला वाचता कुठं येतंय?" मी म्हटलं.

"येईल की, पावणं," ते शाई फुंकत म्हणाले, "तवर पिशवी चालू ऱ्हायला पायजे."