वीस कुंड्या साध्या पाण्याच्या

नांदेडजवळच्या एका कृषी महाविद्यालयात प्रयोगाच्या कुंड्यांना पाणी घालायला रोजंदारीवर लागून केवळाबाईला बावीस वर्षं झाली होती. तेवढ्या काळात तिच्या हातच्या पाण्यावर अकरा जण पीएच.डी. करून डॉक्टर झाले. कुंडीत काय चाललंय हे त्यांतल्या एकानंही तिला सांगितलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही. झाड वाळू द्यायचं नाही, एवढं तिला उमरीच्या शेतात आईच्या हाताखालीच कळलं होतं. तेवढ्यावर बावीस वर्षं निभली.

तनुजाच्या प्रयोगात अडचण आली, कारण त्यात झाडं वाळू द्यायची होती.

तनुजा लातूरची, पीएच.डी. करणारी. तिनं हरभऱ्याच्या चाळीस कुंड्या लावल्या. वीस कुंड्यांना मुळाशी मेलाटोनिनचं पाणी, विसांना साधं. असं चार वेळा दिलं की मग सगळ्यांचंच पाणी बंद. मेलाटोनिन म्हणजे अंधार पडला की माणसाच्या मेंदूत तयार होणारं, झोपेची वर्दी देणारं रसायन. झाडंही ते स्वतःपुरतं बनवतात. तहान, खारी जमीन, थंडीचा कडाका असं काही अंगावर आलं की जास्त बनवतात. वरून थोडं दिलं तर कोरड्यात झाड जास्त दिवस तग धरेल का, हा तनुजाचा प्रश्न. लातूरच्या मुलीला असला प्रश्न सुचवावा लागत नाही.

चौकीदार भुजंगला यातलं झोपेपुरतंच कळलं होतं.

"काय वैनी, हरभऱ्याला झोपेची गोळी देऊन राहिलात म्हणं? निजला का मग?"

"निजला की. तुमच्यासारखाच, डुटीवर."

औषधाची बाटली काळ्या कागदात गुंडाळलेली असे, कारण उजेडात ते बिघडतं. कमी पडू नये म्हणून तनुजा दुप्पट कालवायची, आणि "उरलेलं मोरीत ओता, मावशी," म्हणून निघून जायची. केवळाबाईनं जन्मात उरलेलं मोरीत ओतलं नव्हतं. शिवाय गावात कुणाकडंही कार्य असलं की पंगतीत वाढायला तिलाच बोलावणं यायचं. अर्ध्या ओळीला बुंदी वाढायची आणि अर्ध्या ओळीपुढून रिकामी परात घेऊन जायचं, हे तिच्यानं झालं नसतं. चारही वेळा उरलेलं औषध तिनं साध्या पाण्याच्या वीस कुंड्यांना घातलं. त्याच मापानं, थेंबाचा फरक न करता.

पाणी तोडल्यावर आठव्या दिवशी चाळीसच्या चाळीस कुंड्या सारख्याच हिरव्या होत्या. तनुजानं दोन्ही रांगांची पानं पुन्हा तपासली. तिचे मार्गदर्शक मन्मथ सर म्हणाले, "औषधाचा परिणाम नाही, असं लिहून टाका. 'नाही' हाही निष्कर्षच असतो." निष्कर्ष दुसऱ्याचा असला की सरांना तो चटकन पटायचा.

खुरपं धूत असलेल्या केवळाबाईनं हे ऐकलं. मागच्या साली एका बाईला काचेचं भांडं फुटलं म्हणून घरी पाठवलं होतं. इथं तर पोरीचा अख्खा प्रयोग फुटला होता. पण आपण तोंड उघडलं नाही तर तनुजाच्या नावावर खोटं छापून येणार होतं. त्या दिवशी ती खुरपं ठेवून घरी गेली. दुसऱ्या दिवशी तनुजा यायच्या आधीच कुंड्यांच्या शेडच्या दारात जाऊन बसली.

"तनुजाताई, ते नका लिहू."

"काय?"

"परिणाम न्हाई म्हणून. म्या त्यांना बी दिलं औषध. साध्यांना. चारी बारी."

तनुजाचं तोंड लाल झालं. "का पण?"

"मोरीला कशाला पाजायचं? अन् शेजारी शेजारी उभे हायेत. एकाला द्यायचं, एकाला न्हाई. बरं दिसतंय का?"

तनुजा पालथ्या बादलीवर बसली. मग बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी केवळाबाईला कुंडीतलं सांगितलं. "मावशी, ते वीस वाळलेच नाहीत, तर हे वीस औषधानं टिकले असं कशावरून म्हणू मी?"

केवळाबाईनं दोन्हीकडच्या रांगांकडं पाहिलं. "म्हंजी त्यांनी वाळायचंच हाय."

"हो."

"मग हे आधी सांगावं का न्हाई माणसानं?"

"सांगायला हवं होतं," तनुजा म्हणाली. सरांनी दुसरा माणूस घ्या म्हटलं, तर ती म्हणाली, इतक्या मापानं देणारा हात मला दुसरा मिळायचा नाही. बी पुन्हा पेरलं.

या खेपेला उरलेलं औषध केवळाबाईनं चारही वेळा मोरीत ओतलं. मग पाणी तोडलं. पाचव्या दिवशी साध्या विसांची खालची पानं पिवळी पडली, सातव्या दिवशी शेंडे लवले. नळ चार पावलांवर होता. रोज सकाळी ती त्या रांगेतून झाडू मारत जायची, आणि नुसतं झाडणं हे बावीस वर्षांतलं तिचं सगळ्यांत अवघड काम ठरलं. रजा घ्या, असं तनुजानं दोनदा सांगून पाहिलं. तिनं घेतली नाही. वाळतात तर आपल्या डोळ्यांपुढं वाळू देत, म्हणाली.

आठव्या दिवशी तनुजा मोजायला आली. साधे वीस माना टाकून होते. औषधाचे वीस थोडे मलूल, पण उभे.

"बघा मावशी, टिकले!"

"हाव, टिकले," केवळाबाई वाळलेल्या रांगेपाशी उभी राहून म्हणाली. "पण ह्यांनी दाखवलं म्हणून कळलं. ह्यांचं बी लिहा."

"लिहावंच लागतं," तनुजा म्हणाली, आणि तिनं पहिली नोंद त्याच रांगेची घेतली.