साडूंचा उलटा गड

सोबतच्या माणसाबरोबर चालायचं असतं, ही गोष्ट आमच्या साडूंना उभ्या जन्मात कोणी सांगितली नव्हती. सांगितली असती तरी तोवर ते चार पावलं पुढे गेलेले असते. सप्तपदीतही सातवं पाऊल त्यांनी माझ्या मेहुणीच्या, म्हणजे ताईच्या, आधी टाकलं, असं आमच्याकडे बोललं जातं. क्युपर्टिनोतल्या इंडियन स्टोअरमध्ये ताई कोथिंबीर निवडत असायची आणि हे बाहेर गाडीत एसी लावून हॉर्न वाजवत असायचे. इतकी वर्षं हॉर्न ऐकून ताई एक दिवस मुलीकडे बॉथेलला निघून गेली. जाताना माझ्या बायकोला म्हणाली, "त्यांनी एकदा फोन करून 'ये' म्हणावं, मी येईन. पण फोन त्यांनी करायचा."

तेवढा एक फोन करवून घ्यायला बायकोने मला टेक्सासमधल्या शुगर लँडहून साडूंसोबत ट्रेकला ॲरिझोनाला धाडलं. साडूंनी तिथल्या वाळवंटातली एक खोल दरी हेरून ठेवली होती. सकाळी तळाशी उतरायचं, संध्याकाळच्या आत वर यायचं. वाटेच्या तोंडाशी रेंजरबाईंनी पाणी किती घेतलंय ते विचारलं, तर साडू मला मराठीत म्हणतात, "हिला काय सांगायचं! अहो, एका बाटलीवर गड केलेत मी कॉलेजात असताना." आणि सुटले.

गड करणाऱ्याला एक खोड असते. निम्म्या वाटेवर पाणी संपलं तरी तो बेफिकीर, कारण पुढे उतारच असतो. दरीचं सगळं उलटं. उतार आधी, सकाळच्या गारव्यात. चढ नंतर, डोक्यावर ऊन घेऊन. हे मी ओरडून सांगितलं, पण साडू दोन वळणं खाली पोचले होते. तळाशी गाठलं तेव्हा त्यांच्या बाटल्या रिकाम्या आणि तोंड चालू. मी धीर करून विषय काढला, "ताईंना एक फोन करा की."

"आधी वर तर जाऊ. मग बघू."

अर्ध्या चढावर ते एका खडकाच्या वीतभर सावलीत मटकन बसले. ओठ पांढरे पडलेले. माझं पाणी मी त्यांना दिलं. चिडून दिलं, पण दिलं. मग माझ्या सॅकचा पट्टा धरून ते मुकाट्याने माझ्या मागून चालू लागले. मधेच म्हणाले, "करतो हो तिला फोन. वर रेंज आली की लगेच करतो." एवढा चढ सार्थकी लागला असं मला वाटलं.

वर रेंज आली. थंड सोडा पोटात गेला आणि साडू पूर्ववत झाले. त्यांनी फोन काढला, माझा घामाघूम फोटो घेतला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला: 'साडूंना सुखरूप वर आणलं!'

"आणि ताईंना फोन?"

"ती आहे की ग्रुपवर. कळलं तिला, मी ओके आहे ते."

पुढच्याच महिन्यात ताईने वकील गाठला. माझं पाणी पिऊन या माणसाने मला तोंडघशी पाडलं, आणि तो राग घटस्फोट होऊन गेला तरी उतरलेला नाही.

परवा रविवारी त्यांचा फोन आला. गुडघे झाले, टेक्सासचा उकाडा झाला.

"ती... बरी आहे ना?"

"तिलाच विचारा की," मी तोडून म्हणालो.

"अहो, दुसरा कॉल येतोय," म्हणत त्यांनी घाईघाईने फोन ठेवला.

त्यांना रविवारी हल्ली कोणाचाच कॉल येत नाही, हे मला ठाऊक आहे.