फुगू द्यायचं नाही

२००८ च्या हिवाळ्यात, जगभर मंदी आली तेव्हा, दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या आमच्या कारखान्याची आधी रात्रपाळी बंद झाली. मग पार्किंगमधल्या दोन गाड्यांवर धूळ साचू लागली. त्यांचे मालक सुट्टीवर गेलेत, असं आम्ही एकमेकांना सांगत होतो. अशातच जपानी साहेबांनी आम्हा दहा जणांना शुक्रवारी सकाळी कॅन्टीनमध्ये सहकुटुंब बोलावलं. ते आम्हाला सेन्बेई, म्हणजे त्यांच्याकडच्या तांदळाच्या कुरकुरीत चकत्या, भाजायला शिकवणार होते. चार वर्षांत त्यांनी कुणाला चहालाही बोलावलं नव्हतं.

"बोकडालाही आधी चारा घालतात, इंजिनियरसाहेब," माझा सहकारी म्हणाला. आम्ही एकाच तालुक्यातले. त्याची बायको आणि दोन मुलं गावी होती. इथे तो कंपनीच्या खोलीत राहायचा.

"आज विचारा हं," गाडीतून उतरताना बायको म्हणाली. "मार्चपर्यंत तरी राहतोय का आपण?" मुलगी तिसरीत होती, परीक्षा मार्चमध्ये. नोकरी गेली की व्हिसा जाणार, आणि मग महिन्याभरात देश सोडायचा. पण मला विचारवेना. नगरपालिकेच्या शाळेतला, घरातला पहिला पदवीधर मी. माझं अडखळतं इंग्रजी शांतपणे ऐकून घेऊन याच माणसाने मला नोकरी दिली होती.

साहेबांनी कोळशाच्या शेगड्यांवर जाळ्या ठेवल्या, वाळवलेल्या चकत्या आमच्या हातात दिल्या. सारख्या उलटत राहा, म्हणाले. मी चिमट्याने उलटत होतो, तेवढ्यात माझी चकती मधोमध फुगू लागली. आमच्याकडे भाकरी फुगली की करणारीचं कौतुक होतं. मी हात थांबवला.

"अगं, बघ, टम्म फुगली!"

"बाबा, इट्स बर्निंग!" मुलगी ओरडली.

मागून साहेबांचा हात आला. त्यांनी चिनी मातीच्या ठोकळ्याने चकती दाबून सपाट केली. "फुगू द्यायचं नाही," ते म्हणाले. "आत कच्ची राहते, वरून करपते." मग चकतीवरची नजर न हलवता त्यांनी विचारलं, "मुलीची शाळा कधी संपते?"

"मार्चअखेर, सर."

त्यांनी मान हलवली. शेजारच्या शेगडीवर माझ्या सहकाऱ्याला विचारलं, "तुमच्याकडे?"

"आपलं काय, सर! एकटा जीव. बॅग उचलली की खलास!" तो हसला. सगळे हसले. साहेबांनी पुन्हा तशीच मान हलवली.

निघताना प्रत्येकाला आपापल्या चकत्यांचं पाकीट मिळालं. साहेब दारात कमरेतून वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. बायकोने माझा दंड घट्ट धरला.

रविवारी सकाळी दहाही जणांच्या टेबलांवर लिफाफे होते. नऊ जणांना एक महिन्याची नोटीस. माझ्या पत्रात शेवटचा दिवस होता एकतीस मार्च.

सहकाऱ्याने माझं पत्र वाचलं, घडी घालून परत दिलं. साहेबांचे उपकार मी आजही मानतो. पण त्यांच्या दारापर्यंत जाऊन, माझा सहकारी गमतीत बोलला होता, एवढं सांगणं मला जमायला हवं होतं. मी खुर्चीतून उठलो नाही. उठलो असतो आणि माझीच तारीख बदलली असती तर?

"शाळा माझ्याही पोरांना आहे रे," तो म्हणाला, आणि ड्रॉवर रिकामा करायला लागला.