खुर्चीची जागा

संध्याकाळी गॅलरीत उभी राहिले की माझे कान गेटकडे लागलेले असतात. आमच्या गाडीचा हॉर्न घसा बसल्यासारखा वाजतो, तो मला आठव्या मजल्यावरूनही ओळखू येतो. हॉर्न वाजला म्हणजे हे चाकणहून आले, एवढं नक्की. पण खरी धाकधूक तिथून पुढे सुरू होते, ती दाराची बेल वाजेपर्यंत. तेवढ्या वेळात मी गॅस बंद करते, परत पेटवते, दार उघडून लिफ्टचा आकडा बघते आणि शेजारीण दिसली की उगाच पायपुसणं झटकते.

आमचे हे कंपनीत प्रेस शॉपला, पत्रा ठोकायच्या मशीनवर होते. उंचेपुरे, भरघोस मिशा, आणि आवाज असा की प्रेस चालू असतानाही पलीकडच्या माणसाला हाक ऐकू जायची. दिवाळीची साफसफाई चालली होती, तेव्हा ह्यांच्या छातीत कळ आली आणि माळ्यावरचा डबा हातातून सुटला. त्यातून वाचले, देवाची कृपा. पण हृदयाचं पंपिंग कमी झालं ते झालंच. डॉक्टर म्हणाले, सपाटीवर सावकाश चाला, बसून काम करा, गाडी चालवली तरी हरकत नाही, फक्त चढ नको आणि जिने नकोत. कंपनीनं ह्यांना स्टोअरमध्ये टेबलावर बसवलं. सगळं कसं सोयीचं झालं असं वाटतं ना ऐकताना?

पण रहाटणीतल्या आमच्या सोसायटीत आमचं पार्किंग आहे बेसमेंटला, आणि लिफ्ट काही बेसमेंटपर्यंत उतरत नाही. बिल्डरनं काय डोकं लावलं होतं ते त्यालाच ठाऊक. गाडी लावली की पूर्ण रॅम्प पायी चढून वर यायचं आणि मग लिफ्ट धरायची. चांगला धडधाकट माणूससुद्धा भाजीची पिशवी घेऊन तो रॅम्प चढताना मध्ये हात बदलतो.

आणि लिफ्टच्या अगदी तोंडाशी एक जागा मोकळी पडलेली असायची. पिवळी चौकट, आत पांढऱ्या रंगात चाकाची खुर्ची आणि खुर्चीत बसलेला काटकुळा माणूस. येणाऱ्याजाणाऱ्या टायरांनी तो माणूस घासून घासून पार पुसून टाकला होता, खुर्ची तेवढी शिल्लक होती. तिथं कधी गणपतीच्या मांडवाचे बांबू, कधी कुणाच्या पाहुण्यांची बाइक. एक दिवस मी विषय काढला.

"अहो, लिफ्टजवळची ती जागा रिकामीच असते. तिथं लावा ना गाडी."

"कुठली? ती अपंगांची?" ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी ताटात शिळं वाढलंय. "हातपाय धड आहेत माझे. लोक काय म्हणतील?"

"लोक येणारेत का रॅम्पवर तुम्हाला उचलायला?"

"तू गप बस."

मी आणि गप्प! माहेरी मला सगळे तोफ म्हणायचे. पण ह्यांना ताण द्यायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून जीभ चावून कणीक मळायला घेतली. नंतर मी गुपचूप चौकशीही करून आले, अपंगांचं कार्ड मिळतं का म्हणून. तर कळलं, ह्यांचं दुखणं त्यात बसत नाही. म्हणजे कागदावर धड आणि रॅम्पवर अर्धे. अशा माणसानं जायचं कुठं?

अशात सोसायटीला नवा वॉचमन आला. लातूरकडचा, वयानं ह्यांच्याएवढाच, कामाला चोख. कुठली जागा कुणाची हे त्याला धड कुणी सांगितलंच नव्हतं. एका संध्याकाळी पाण्याचा टँकर नेमका रॅम्पच्या तोंडाशी उभा होता. तेवढ्यात आमचा हॉर्न वाजला. मी गॅलरीतून आत वळते न वळते तोच बेल! इतक्या लवकर हे येणं शक्य नाही, कुणीतरी काहीतरी सांगायला आलंय, असंच वाटलं. दार उघडते तर हे समोर, आणि चक्क हसतायत.

"अगं, चेअरमनला पाणी दे."

"कोण चेअरमन?"

मग सगळं सांगितलं. टँकरमुळे हे अडकले, तर वॉचमन धावत आला आणि म्हणाला, "साहेब, हितं लावा की. ही खुर्चीची जागा तुमचीच हाय की." ह्यांना आधी काही कळेना. त्या बिचाऱ्यानं चौकटीत नुसती खुर्ची पाहिली होती. खुर्ची काढलीय म्हणजे जागा खुर्चीवाल्याची, म्हणजे सोसायटीच्या चेअरमनची, असा त्यानं हिशोब लावला. आणि चेअरमन कोण, तर ह्यांचा देह, ह्यांच्या मिशा आणि ह्यांचा आवाज बघून हेच असणार, त्यात शंका कसली! गाडी लावल्यावर त्यानं सलाम ठोकला आणि लिफ्टचं दारही धरलं.

मी हसून हसून खाली बसले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं ते वेगळंच. कारण ह्यांचे ओठ निळसर नव्हते. श्वास शांत होता. आजारपणानंतर पहिल्यांदा हे दारातून आत येऊन खुर्ची न शोधता उभे होते.

दुसऱ्या दिवसापासून गाडी तिथंच लागायला लागली. अपंगांच्या जागेत पाऊल न टाकणारा माणूस चेअरमनच्या जागेत रुबाबात गाडी लावत होता. वॉचमनला खरं काय ते सांगायचं मी मनातसुद्धा आणलं नाही, आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही. उलट त्याला मी चकल्या दिल्या. फक्त एक धास्ती होती. हे फार दिवस चालायचं नाही, कुणीतरी माती कालवणार.

झालंही तसंच. आमचे खरे चेअरमन म्हणजे शर्टात हरवलेला बारीक माणूस, बोलणंही तोंडातल्या तोंडात. त्यांचे जावई वाकडहून आले आणि गाडी त्या चौकटीत घालायला लागले. वॉचमन आडवा गेला. "न्हाई लावायची. चेअरमनसाहेबांची जागा हाय."

"अरे, मी त्यांचाच जावई आहे!"

"मला काय शिकवायलाव? मी साहेबांना रोज सलाम ठोकायलोय. ते अजून चाकणहून आलेले न्हाईत."

सगळी बिल्डिंग पोट धरून हसली, एक चेअरमन सोडून. त्यांनी वॉचमनला बोलावून झापलं, की ती जागा अपंगांची आहे, कळलं का? पण ह्यांना अडवायचा धीर काही त्याला झाला नाही. आणि दोनच दिवसांत सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो पडला. ह्यांनी मोशीला गाडी थांबवून कलिंगड घेतलं होतं, ते काखेत धरून हे लिफ्टकडे चाललेत, मागे ती पिवळी चौकट आणि आमची गाडी. खाली लिहिलं होतं, 'आपल्या सोसायटीचे अपंग बांधव'. त्यावर हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती.

माझं टाळकं असं सणकलं म्हणता! फोटोत कलिंगड दिसतं, छातीच्या आतलं काय दिसणार? मी ह्यांचा फोन लपवायला गेले, पण तो ह्यांच्या हातातच होता. ह्यांनी फोन पालथा ठेवला, जेवले, कलिंगडाला मात्र हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी गाडी बेसमेंटला गेली.

मग मी खाली जायला लागले. हॉर्न वाजला की कधी कचऱ्याचा डबा घेऊन, कधी कोथिंबिरीच्या निमित्तानं, रॅम्पच्या वरच्या टोकाला. हे अर्ध्या चढावर थांबायचे आणि खिशातून मोबाइल काढून वाचत असल्यासारखं करायचे. बघणाऱ्याला वाटावं, मेसेज आलाय. पण मोबाइलचा उजेड पेटलेला नसायचा. मी पुढे गेले तर चिडतील आणि नाही गेले तर पडतील, ह्या भीतीनं मी तिथंच कोथिंबीर निवडत उभी राहायचे. माझ्या जिवाला काय वाटत असेल ते माझं मलाच माहीत.

शेवटी रविवारी सोसायटीच्या मीटिंगला मी एकटीच गेले. हे येणार नाहीत हे ठरलेलंच होतं. तिथं ज्याचं त्याचं मत! कुणी म्हणालं, चाकाची खुर्ची असेल त्यालाच जागा द्या. एक आजी म्हणाल्या, मग माझ्या गुडघ्यांचं काय? एकानं सांगितलं, सर्टिफिकेट दाखवा आणि लावा. मी उठले आणि तोफ सुटली. म्हटलं, सर्टिफिकेट काय रॅम्प चढतं का? फोटो काढायला बरे सगळे खाली असता, हा माणूस धापा टाकत असतो तेव्हा कुठं असता?

चेअरमन शेजारच्या विंगमधल्या मुलीकडे वळले. तिला लहानपणापासून पायात कॅलिपर आहे, स्कूटरला बाजूची दोन चाकं लावलेली आहेत. "तुम्हीच सांगा," ते म्हणाले, "खऱ्या अर्थानं जागा तुमची आहे." माझं धाबं दणाणलं. ही जर म्हणाली की मला हवी, तर मी कुठल्या तोंडानं भांडणार होते?

ती पोरगी मात्र तडकलीच. "मला काय कोण खरं नि कोण खोटं ठरवायचा ठेका दिलाय का? इतकी वर्षं तिथं बांबू पडलेले असायचे तेव्हा नाही कुणाला माझी आठवण झाली. माझी स्कूटर काय, कडेलाही बसते." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पण काकू, तुम्ही का भांडताय? काकांना जागा हवी असेल तर काकांनी यावं आणि सांगावं. मला रोज सगळ्यांसमोर पाय दाखवावाच लागतो ना."

मला राग आला आणि तिचं पटलंही. चेअरमननाही तेच हवं होतं. "त्यांनी स्वतः सांगितलं, तर माझी हरकत नाही," म्हणाले. घरी येऊन मी ह्यांना जसंच्या तसं सांगितलं. हे टीव्हीकडे बघत म्हणाले, "मी कुणापुढे रडणार नाही." बोलले असते तर भांडण झालं असतं, आणि भांडण करायलासुद्धा मला भीती वाटत होती.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मोशीपासून ट्रॅफिक तुंबलं होतं, हे उशिरा आले. मी रॅम्पच्या तोंडाशी उभी होतेच. हे चढावर थांबले, पण मोबाइल काढला नाही. एक हात भिंतीवर टेकवला आणि दुसऱ्यानं शर्टाचं बटण शोधायला लागले. माझ्या हातातला डबा पडला. मी धावले, पण माझ्या आधी वॉचमन खाली पोचला होता, स्वतःची लाल प्लॅस्टिकची खुर्ची उचलून. रॅम्पवरच ती ठेवली, एका बाजूनं पायानं अडवून धरली आणि म्हणाला, "बसा साहेब."

हे बसले. मी जिभेखालची गोळी दिली आणि पदरानं कपाळ पुसत राहिले. तेवढ्यात वरून चेअरमनची गाडी उतरायला लागली. उजेड ह्यांच्या तोंडावर, आणि हॉर्न. ह्यांच्यात उठायची ताकद नव्हती. चेअरमन दार उघडून खाली उतरले, तरी वॉचमनचं लक्ष ह्यांच्याकडेच. तो हात जोडून बोलत होता, "साहेब, माफ करा बरं का. मला काय म्हाईत, ती अपंगाची जागा हाय म्हणून. तुमच्यासारख्या माणसाला मी नगं तिथं गाडी लावायला लावली. लई चुकलं."

बिचारा खरंच खजील झाला होता. ह्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग उजेडात उभ्या असलेल्या चेअरमनकडे. श्वास जुळवायला वेळ लागला.

"नाही रे बाबा," हे म्हणाले. "तू बरोबर लावायला सांगत होतास. मला चढ चढवत नाही."

आवाज निघता निघत नव्हता, त्यामुळे चेअरमन जवळ आले आणि त्यांनी काय म्हणून विचारलं. तेव्हा ह्यांनी खुर्चीचे दोन्ही हात धरले आणि प्रेस शॉपमधल्यासारखा आवाज लावला. "मला चढ चढवत नाही! हृदय गेलंय माझं. फोटो काढायचाय तर आत्ता काढा." बेसमेंटभर तो आवाज घुमला. चेअरमन परत गेले आणि त्यांनी गाडीचे दिवे बंद केले. मला वाटतं, ते ओशाळले होते. मला मात्र रडू आवरेना, आणि ह्या खेपेला मी आवरलंही नाही.

डॉक्टरांनी दोन दिवस घरी बसवलं. तिसऱ्या दिवशी हे कामावर गेले. संध्याकाळी मी गॅलरीत, गॅसवर भाजी, छातीत तीच धडधड. घसा बसलेला हॉर्न वाजला. मी आत वळले, तोवर बेल वाजलीच. दार उघडलं आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "आले का चेअरमन?"

"चेअरमन नाही गं," चपला काढत हे म्हणाले. "त्या खुर्चीवरचा पुसून गेलेला माणूस आलाय. त्याला पाणी दे."