आते ठेव!

१९ नोव्हेंबर १९९३, शुक्रवार. पैज अकरा रुपयांची. हजर — मी, सौ. आणि माझे वडील, आबा. दृष्टांत, साक्षात्कार असलं काही मी कधीच मानलं नाही... कचेरीत बावीस वर्षं आकडे जुळवलेत. इथेही जुळलेले आकडेच सांगतो.

मुलगा महेश नौदलात हेलिकॉप्टर वैमानिक. हलत्या जहाजावर उतरायला आधी सिम्युलेटरवर शिकवतात — बंद खोलीत डुलणारी केबिन, समोर पडद्यावर समुद्र. तिथे तो तीनदा डेकवर आपटला. चौथ्यांदा आपटला की जहाजावरची नेमणूक विसरायची.

मे महिन्यात तो सुट्टीवर धुळ्याला आला, तेव्हा आबांनी त्याला ओट्यावरच्या बंगईसमोर, म्हणजे झोपाळ्यासमोर उभं केलं. तरुणपणी भडगावला गिरणेच्या पुरात नाव चालवलेला माणूस! पायाने बंगई वेडीवाकडी झुलवायचे आणि महेशने तिच्यावर भरलेला तांब्या ठेवायचा. पाणी सांडलं की —

"तुले तांब्या ठेवता येस नही, इमान काय उडावशी?"

"आबा, तुम्ही मुद्दाम हलवता!"

"मंग समुद्र काय तुले इचारीसन हालस? झोकाना मांगे पयू नको. दोन मोठा जाऊ दे, मंग तो दम खास. तवय ठेव. नही सांडनं तर अकरा रुपया तुना."

म्हणजे झोक्यामागे धावू नकोस; दोन मोठे झोके गेले की तो क्षणभर विसावतो, तेव्हा ठेव. महेश पैज हरूनच परत गेला.

जुलैत आबांना अर्धांगवायू झाला, वाचा गेली. चार महिने एक शब्द नाही.

त्या शुक्रवारी मी रजेवर होतो. सौ. मेथी निवडत होती. आबा बंगईवर, चांगल्या पायाने हळू झोके घेत. अचानक पाय टेकवून त्यांनी बंगई थांबवली आणि खणखणीत आवाजात म्हणाले — "आते ठेव!" आता ठेव!

सौ.च्या हातून मेथीची जुडी पडली. मी औषधांच्या वहीत वेळ लिहिली — ११.४०. माझं घड्याळ दोन मिनिटं पुढे असतं, ती वजा करून.

महेशची परीक्षा कधी, आम्हाला माहीत नव्हतं. सहा दिवसांनी त्याचं पत्र आलं : "शुक्रवारी शेवटची फेरी होती. दोन मोठ्या लाटा गेल्या, तरी हात धजेना. तेवढ्यात हेडफोनमध्ये आबांचा आवाज — आते ठेव! ठेवलं. पास झालो. सरांनी विचारलं, मध्येच कोण बोललं? निकालाच्या कागदावर वेळ आहे ११.४०."

डॉक्टर म्हणाले, वाचा कधी कधी अशी एकदम परत येते. मान्य. पण तेच शब्द, तेच मिनिट... आणि सरांनाही ऐकू गेलं? आबांना पत्र वाचून दाखवलं, तर तोंड वाकडं करून हसले. अडखळत म्हणाले, "अकरा रुपया धाड त्याले."

दुसऱ्या दिवशी मनीऑर्डर केली. रुपये अकरा. पाठवणार आबा, घेणार महेश. कमिशन मी भरलं.