जाकिटं एका खोक्यात, पँटी दुसऱ्यात

नाना पहिल्यांदा माझ्या दुकानात आले तेव्हा माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. सरळ आत शिरले, हँगरवरचा एक टीशर्ट काढला, उलटा केला, शिवण बघितली, कापड दोन बोटांत चोळलं आणि परत लावून दिला. मग दुसरा. मी विचारलं, "आजोबा, काय हवंय?" तर म्हणाले, "मला काय नको. पण ह्यो तू सुती म्हणून विकत असशील तर विकू नगं. निम्मं पॉलिस्टर हाय." माझा संताप झाला. ठोक व्यापाऱ्याला फोन लावला, तर तो त-त-प-प करायला लागला. अशी आमची ओळख झाली.

हा माणूस लग्नात गेला तरी नवरदेवाच्या कोटाचं अस्तर बघून यायचा. बायको कपाळाला हात लावायची. नाना म्हणायचे, "सुलटी बाजू पावण्यांना, उलटी बाजू कस्टमला."

ते महाळुंगे पडवळचे. तरुणपणी नारायणगावच्या मार्केटात टोमॅटो निवडायला होते. पुढे ओळखीनं बंदरावर गेले. परदेशातून आलेला माल कस्टममधून सोडवून देणाऱ्या एका कंपनीत चिकटले आणि तिथंच केस पांढरे केले. बाहेरून माल आला की तो नेमका काय आहे, हे सरकारला सांगावं लागतं. प्रत्येक जिनसाला एक नंबर, आणि नंबर बदलला की जकात बदलते. सुती वेगळं, पॉलिस्टर वेगळं, होजिअरीचं वेगळं, मागावरचं वेगळं. नंबर चुकला तर चूक झाली असं सहसा कुणी म्हणत नाही, लबाडी केली म्हणतात.

त्या वर्षी तळेघरकडच्या शाळांनी माझ्याकडे ट्रॅकसूट मागितले. पोरं भल्या पहाटे धुक्यात पळायची, अंगात साधा शर्ट. थंडीतल्या स्पर्धांच्या आत कपडे हवे होते. व्यापाऱ्यांच्या थापांना मी विटले होते. म्हटलं, आपणच थेट बाहेरून मागवू, आणि नानांच्या कंपनीकडून सोडवून घेऊ. माझा पहिलाच माल!

फोन करून सांगितलं, तर नाना खूश झाले. "ट्रॅकसूट म्हंजे काय, सांग. जाकीट आन् पँट, दोनी येकाच कापडाची, होजिअरीची, आत अस्तर न्हाई. नवरा-बायकोवानी. दोगं मिळून येक नंबर. ताटातूट झाली की ज्याचा त्याचा नंबर निराळा." इतकं नीट सांगितलं. आणि त्याच फोनवर मी विचारलं की खोकी कशी भरायला सांगू, तेव्हा पटकन म्हणाले, "जाकिटं येका खोक्यात, पँटी दुसऱ्यात. येका क्रेटात येकच माल ठिवावा. मिसळ दिसली की बोली पडत न्हाई." हे मार्केटातले नाना बोलले, कस्टमचे नव्हेत. ते त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि मला तर त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. मी तसंच कळवलं.

बंदराजवळच्या यार्डात कस्टमच्या साहेबांनी खोकी फोडायला लावली. हे खोकं जाकिटांचं, तेही जाकिटांचंच. पलीकडे नुसत्या पँटी. साहेब म्हणाले, "कागदावर ट्रॅकसूट आहेत. इथे कुठे आहेत? सुटी जाकिटं आणि सुट्या पँटी आणून ट्रॅकसूट सांगताय?" नानांचा चेहरा पांढराफटक पडला. माल जप्त होणार. पोरं थंडीत तशीच पळणार. आणि पहिल्याच मालाला माझ्या नावावर लबाडीचा शिक्का बसणार. तो बसला की पुढं कोण दारात उभं करतं?

तेवढ्यात माल सुटला का विचारायला नानांच्या मालकांचा फोन आला. पॅकिंग आपणच सांगितल्याचं नानांनी त्यांना सांगून टाकलं. नानांना कमी ऐकू यायचं, म्हणून ते फोन कायम स्पीकरवर ठेवायचे. मालकांचा शब्दन् शब्द मी ऐकला. "नाना, सांगा की बाईंनी परस्पर पॅकिंग ठरवलं. तुम्ही सल्ला दिला असं एक अक्षर बोललात, तर उद्यापासून यायचं नाही."

नानांनी फोन खिशात टाकला. माझ्याकडे बघितलं. त्यांनी सगळं तोंडी सांगितलेलं, माझ्याकडे पुरावा काय? खरं सांगते, मला वाटलं, हा म्हातारा आता मला विकणार. ते मात्र रुमालानं मान पुसत म्हणाले, "पाणी पितीस का गं?"

"पाणी गेलं खड्ड्यात, नाना! काय करणार ते सांगा!"

ते सरळ साहेबांकडे चालू लागले. मी मागोमाग.

"सायेब, पोरीचा दोष न्हाई. खोकी अशी भरायला म्या सांगितलं. टोमॅटोवाला हाय मी, जुनी सवय नडली. जोड्या लावून दावतो. येक जाकीट जरी बिनपँटीचं निघालं, तर काय लिवायचं ते लिवा."

"हे लेखी द्याल?"

"द्या कागद."

दिला त्यांनी लिहून, सही ठोकून. मग उन्हानं तापलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही सगळा माल जमिनीवर मांडला. रंगाला रंग, मापाला माप, कापडाला कापड. साहेब खुर्ची टाकून समोर बसलेले. जोडीला जोडी लागत होती. शेवटी एक निळं जाकीट हातात उरलं. पँट नाही. सगळी खोकी रिकामी. साहेब खुर्चीवरून उठले. नानांनी लावलेल्या पँटी एकेक उचलून झटकायला सुरुवात केली. किती वेळ झटकत होते कोण जाणे. एका पँटीच्या पायातून दुसरी निळी पँट खाली पडली. मी तिथंच बसून रडले.

माल ट्रॅकसूट म्हणूनच सुटला. पोरांना वेळेत मिळाला. नानांना मालकांनी दुसऱ्या दिवशीच घरी बसवलं. मी मालकांशी भांडायला निघाले होते, नानांनी अडवलं. "तुजं नाव कोरं ऱ्हायलं न्हवं? मग धंदा कर. माज्या नावाला आता कोण इचारतंय!" दुकानात येऊन बसा म्हटलं, तर त्यालाही नकार. पण मी नवीन नमुना मागवला की मात्र न बोलवता हजर व्हायचे.

गेल्या वर्षी नाना गेले. मी महाळुंग्याला गेले तेव्हा त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, ओसरीवर बसल्या होत्या, भोवती चार बायका. काकू म्हणाल्या, "चांगली नोकरी लाथाडून आले. का, तर म्हणं कंटाळा आला. मी लई बोलली त्यांना. उठता-बसता बोलली. कदी उलटून बोलले न्हाईत."

म्हणजे नानांनी घरी काहीच सांगितलं नव्हतं. मग मी सगळ्यांसमोर सांगितलं. यार्ड, फोन, कागद, सगळं. एक बाई तोंडाला पदर लावून रडायला लागली. काकू रडल्या नाहीत.

"मंग मला सांगायचं व्हतं की," त्या म्हणाल्या. "मी काय आडवी आली असती व्हय?"