ठेवायला दिलेला संसार

साऱ्या मराठवाड्यात घराला कुलूप न लावता काशीयात्रा करून येईल असा एकच गृहस्थ मला ठाऊक आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा आहे. लावायचं म्हटलं तरी त्यांना कुलूप लावता यायचं नाही, कारण ते त्यांनी केव्हाच कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला देऊन टाकलं आहे. सिडकोत आमच्याच गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. त्यात एक सतरंजी, एक माठ, एक बादली, शेगडी, तवा, पातेलं, दोन ताटं आणि दोन पेले एवढाच ऐवज. भिंतीला खिळा एक. त्या खिळ्यावर पिशवी, पिशवीवर कॅलेंडर आणि कॅलेंडरवर सदरा. त्यामुळे तारीख बघायची तर मामांना आधी सदरा अंगात घालावा लागतो. तीन पाहुणे एकदम आले की एकाला पाण्यासाठी ताटकळावं लागतं. एकदा मी जरा खवचटपणे म्हटलं, "मामा, तिसरा पेला घेतला तर काय घर बुडेल?" मामा शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, दोघं पितेत तवर एक बोलतो. समद्यांचंच पिऊन झालं की समदेच बोलतेत. मग ऐकायचं कुणी?"

गंमत म्हणजे या माणसाने उभी नोकरी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून केली. छतापर्यंत रचलेल्या खोक्यांच्या मधोमध बसून त्यांनी नट, बोल्ट आणि वायसर राखले. "जलमभर दुसऱ्याचं सामान सांभाळलं. एक वायसर इकडचं तिकडं झालं तर घास गोड लागायचा नाय. आता हरवायला कायबी ठेवायचं नाय," असं ते सांगतात. लग्नकार्यात टॉवेल-टोपीचा आहेर मात्र ते वाकून, दोन्ही हातांनी घेतात. मांडवाबाहेर पडेपर्यंत टॉवेल आचाऱ्याच्या खांद्यावर गेलेला असतो आणि टोपी बँडवाल्याच्या डोक्यावर. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये टोपी घातलेले एक रुबाबदार गृहस्थ आहेत. माझी आई कित्येक वर्षं त्यांना माझ्या सासरचे मोठे मानकरी समजत होती. ते बँडवाले निघाले.

आता आमच्या शहरात राहून कमीत कमी सामानात जगायचं म्हणजे विस्तवाशी खेळ. म्हणजे खरं तर पाण्याशी. नळाला पाणी येणं हा आमच्याकडे सणवार असल्यामुळे घरोघरी माणसांपेक्षा ड्रम जास्त. आमच्या मोरीत अंग चोरून शिरावं लागतं आणि आत गेल्यावर कोणत्या ड्रमामागे साबण आहे हे आठवावं लागतं. मामांनी आपला एकुलता एक ड्रम शेजारच्या रझियाआपांच्या अंगणात नेऊन ठेवला. पाणी आलं की आपा तो भरतात. त्यातली रोज एक बादली मामांची, उरलेलं आपांचं. बदल्यात मामांच्या रिकाम्या खोलीत आपांच्या शेवया वाळतात, समोरच्यांच्या कुरडया वाळतात आणि महिन्यातून एकदा माझ्या बायकोची भिशी भरते. पापड वाळत असले की मामा स्वतःच्या घरात भिंतीला पाठ घासत चालतात, पण कुणाला नाही म्हणत नाहीत.

मामी होत्या तोवर मामांचं हे काही चाललं नव्हतं. मामींना भांड्याकुंड्यांचा भारी सोस. मामा कुणाला छत्री देऊन आले की मामी स्वतः जाऊन ती परत आणायच्या आणि वर मामांना चार शब्द ऐकवायच्या. मामी गेल्या आणि घर एकदम गप्प झालं. "भांडी नुसती माझ्याकडं बघत बसायची, पाव्हणं," एवढंच मामा एकदा मला म्हणाले होते. मग एकेक वस्तू बाहेर पडू लागली. पाळणा रझियाआपांकडे गेला, बाज गल्लीतल्या शिंप्याकडे, मोठं पितळी पातेलं आमच्याकडे. छताला पाळण्याची कडी तेवढी राहिली, कारण ती स्लॅबमध्ये पक्की होती. मात्र 'देतो' हा शब्द मामांनी कधी वापरला नाही. वस्तू दारात टेकवून म्हणायचे, "तुमच्याकडं ठेवतो. वापरात राहू द्या." घेणाराही संकोचून म्हणायचा, "लागंल तवा घेऊन जा, मामा." दोन्ही बाजूंनी हे बोलायचं म्हणून बोललं जातं, असा माझा समज होता.

मामांची एकुलती एक लेक वर्षा वैजापूरला कांद्याच्या व्यापाऱ्याच्या घरात दिलेली. तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही रीत, म्हणून सातव्या महिन्यात विहीणबाई व्यवस्था बघायला आल्या. त्यांच्या घरात पाय ठेवायलाही वस्तू बाजूला सरकवावी लागते. मामांच्या घरात त्या सतरंजीच्या कडेला अवघडून बसल्या आणि चारी भिंती बघून झाल्यावर म्हणाल्या, "अहो भाऊ, बाज नाय, पाळणा नाय, पाणी तापवायला भांडं नाय. लेकरू निजवायचं कुठं?"

"जागा लई हाय की," मामा म्हणाले.

"जागाच तर हाय नुसती!" विहीणबाईंनी कपाळाला हात लावला. "राग मानू नका. पुढच्या सोमवारी पुन्यांदा येते. सोय झाली तर पोरीला धाडू. नाय तर बाळंतपण आमच्याकडंच होईल."

बाई काही दुष्ट नव्हत्या, आणि खरं सांगायचं तर मी त्यांच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो. पण त्या रात्री वर्षाचा फोन आला. "बाबा, आई नाही म्हणून मला माहेरच नाही का?" असं विचारून ती रडली. दुसऱ्या दिवशी मामा आमच्याकडे आले. समोरचा चहा निवला तरी हात लावीनात. "पाव्हणं, गुलमंडीच्या बाजारात चला. समदं इकत घ्यावं लागंल. माझ्या हट्टापायी पोरीचं माहेर तुटाया लागलंय."

माझी बायको स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आली. "विकत कशाला, मामा? तुमचं सामान आहे की गल्लीभर."

"दिलेलं परत मागू व्हय?"

"दिलं कुठं होतं? ठेवलं होतं ना?" असं म्हणून तिने पायांत चपला सरकवल्या आणि ती गल्लीत निघाली.

संध्याकाळपर्यंत मामांच्या दारात वरातीसारखी गर्दी झाली. शिंपी डोक्यावर बाज घेऊन आला. तो स्वतः कशावर निजणार हे त्याने कुणाला विचारू दिलं नाही. रझियाआपांनी पाळणा आणला. "झूला तो तुम्हाराच है, मामू. मेरी बेटी के बच्चे तलक इसीमें सोये. और वर्षा की फिकर नक्को करो, मैं हूं ना बाजू में." मी आमचं पितळी पातेलं उचलून नेलं. बायकोच्या हातून त्याला एक पोचा पडला होता, तो मी चलाखीने भिंतीकडे करून ठेवला. मामांनी ते फिरवलं आणि पोच्यावरून बोट फिरवत राहिले. "तुमच्या मामीनं बघितला असता तर लई बोलली असती," ते म्हणाले. "पर रिकामं नाय ऱ्हायलं बगा." त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही आले, पण पातेल्याच्या ओझ्याने आले असं मी म्हणालो.

सोमवारी विहीणबाई आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या. बाज, पाळणा, शेकायची शेगडी, चार घरचे डबे आणि त्यांतून वाट काढत फिरणारी माझी बायको आणि आपा. "बसायचं कुठं आता?" त्यांनी विचारलं. मामा नम्रपणे म्हणाले, "तेवढी जागाच नाय बगा." विहीणबाई आधी गोऱ्यामोऱ्या झाल्या आणि मग पोट धरून हसल्या.

वर्षा आली, मुलगी झाली, बाळबाळंतीण सुखरूप. मामींच्या पातेल्यात नातीच्या अंघोळीचं पाणी तापलं. मामा दिवसभर पाळण्याची दोरी धरून बसायचे आणि पोर झोपली तरी दोरी सोडायचे नाहीत. पाहता पाहता महिने सरले आणि वैजापूरहून गाडी आली. गाडी येण्याआधी त्या सकाळीच मामांनी पातेलं चिंचेने घासून लख्ख केलं होतं आणि बाज, पाळणा, डबे ज्याच्या त्याच्या घरी पोचवले होते. घर पूर्वीसारखं मोकळं झालं होतं. हातात उरली होती फक्त नात. गाडीशी मामांनी तिला विहीणबाईंच्या ओटीत घातली आणि नेहमीचं वाक्य बोलायला गेले. "तुमच्याकडं ठेवतो," एवढं म्हणाले आणि पुढचं त्यांना बोलता येईना.

एव्हाना विहीणबाईंना गल्लीची रीत कळली होती. त्यांनी पोरीला पदराआड घेतलं. "ठेवा, भाऊ," त्या म्हणाल्या. "वाटंल तवा येऊन घेऊन जा."

आता दर सोमवारी सकाळी मामा अंगात सदरा घालतात, त्यामुळे तारीखही बघून होते, आणि वैजापूरची एसटी धरतात. हातात पिशवीसुद्धा नसते. घर उघडं टाकून कुठं निघालात असं कुणी विचारलं, तर थांबतही नाहीत. "सामान ठेवलंय तिकडं," म्हणतात. "जरा बघून येतो."